आडवं आलेलं घर

आमच्याकडे दोन बंब होते, एक वरचा आणि एक खालचा. वरचा तांब्याचा, न्हाणीघरातला, आंघोळीच्या पाण्याचा. तो आई रोज पेटवायची आणि त्याच्या धुराने माझे डोळे उघडायचे. खालचा सरकारी, लाल रंगाचा, चार चाकांचा, दोन्ही बाजूंना माणसांनी खालीवर करायचे लांब दांडे असलेला, आणि तो आगी विझवायचा. वडील, म्हणजे आबा, त्या खालच्या बंबाचे दरोगा होते. पाणीगेटच्या आत बंबखाना होता. खाली बंब, तो ओढणारे दोन घोडे, चामड्याच्या नळ्यांची वेटोळी, आठ माणसं. आणि लाकडी जिना चढून गेलं की वर दोन खोल्यांत आम्ही. बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्या बायका आईला बंबवाली म्हणायच्या. "वरचा मी पेटवते आणि खालचा हे विझवतात, मग बंबवाली मीच ने," असं ती शेवटी गुजराती 'ने' लावून म्हणायची आणि फुंकणी खाली ठेवायची. आता गोत्रीला मुलाच्या सोसायटीत भिंतीवर टांगलेला गिझर आहे, त्याला ना धूर ना आवाज. नातवंडांना बंब म्हणजे काय ते सांगायला लागले तर ती ऐकता ऐकता उठून जातात.

त्या घरात झोप लागायची ती घोड्यांच्या टापांवर आणि मोडायची ती बादल्यांच्या खडखडाटाने. नळ्यांना चरबी चोळायचे, त्याचा वास जिन्यावरून वर यायचा आणि आमटीच्या फोडणीत मिसळायचा. आईची आमटी गोडसर असायची, बडोद्यात राहून गुळाचा हात सैल झाला होता तिचा. गूळ आमच्याकडे घरात कमी आणि खाली जास्त लागायचा. आगीवर निघताना प्रत्येक माणूस गालात गुळाचा खडा धरायचा, धुराने घसा धरू नये म्हणून. आबा आगीवरून परत आले की आई त्यांना फक्त ताकभात वाढायची. मिठाचं ताक, मऊ भात, दुसरं काही नाही, आणि पान संपेपर्यंत काय झालं, कोण जळालं, किती घरं गेली, यातलं एक अक्षर विचारायचं नाही. हा आमच्या घरचा कायदा होता आणि तो सरकारी कायद्यापेक्षा कडक होता.

एरवी आबा म्हणजे साधा सरकारी माणूस. आजोबा पागेत होते, घोड्यावरून उतरायचं माहीत नसलेले; आबांच्या वाट्याला घोडे आले ते बंब ओढणारे. रस्त्यात फौजदार दिसला की आबा कडेला होऊन मुजरा करायचे, कारकून दिसला तरी करायचे. पण घंटा वाजली आणि त्यांनी डोक्यावर पितळी टोप चढवला की माणूस बदलायचा. मग रस्त्यातले टांगे त्यांच्यासाठी उभे राहत. मग कोणाची विहीर कोणाची नसे. चामड्याची नळी आत पडली तर विहीर बाटेल म्हणून आडव्या पडलेल्या शास्त्र्याला त्यांनी बखोटीला धरून उचलून बाजूला ठेवलेला मी पाहिला आहे. कुलूप तोडायची, भिंत फोडायची, बघ्यांच्या हातात बादली द्यायची, फौजदाराला "मागे सरा" म्हणायची सत्ता त्यांना होती. ही सगळी सत्ता टोपात होती. आग विझली की ते जागच्या जागी टोप काढत, काखेत धरत, आणि ज्या फौजदाराला तासापूर्वी ढकललं असेल त्याच्यासमोर जाऊन मुजरा करत. मला ते बघवायचं नाही. मी एकदा विचारलंही, विझवल्यावर लगेच वाकायचं कशाला. ते म्हणाले, "सत्ता आगीची असते, पोरी. माझी नाही."

हे वाक्य त्यांनी मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच मला त्याचा अजून राग येतो.

मग ते पुस्तक आलं. तांबड्या कापडी बांधणीचं, हाताच्या पंजाएवढं, बंबखान्याच्या नियमांचं. तोवर सगळं तोंडी चाललेलं. आता कोणीतरी मोठ्या माणसाने ठरवलं की प्रत्येक दरोगाकडे छापील नियम असावेत आणि त्याने ते वाचल्याची सही द्यावी. नियम गुजरातीत होते. बडोदा संस्थानाचं कामकाज गुजरातीत चालायचं, त्यात गैर काही नव्हतं. अडचण वेगळी होती. आबांना कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हतं. सहीपुरती मोडीची वळणं त्यांनी हाताला शिकवली होती, तेवढी ते ऐटीत काढत. ती त्यांनी काढली, शिपाई कागद घेऊन गेला, आणि आबा पुस्तक घेऊन जिना चढून माझ्याकडे आले. मी तेव्हा मराठी शाळेत चौथीत होते, पण दुकानांच्या पाट्यांवरून आणि जशी नावाच्या माझ्या गुजराती मैत्रिणीच्या पुस्तकावरून मी गुजराती अक्षरं लावायला शिकले होते. वरची रेघ नसते म्हणून आई त्या अक्षरांना "डोक्यावर पदर नसलेली" म्हणायची.

दिवेलागणीला मी गॅलरीत बसून वाचायची आणि आबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. आधी गुजराती वाक्य, मग त्याचं मराठी. घोड्यांना दाणा किती द्यावा, नळीला चरबी किती दिवसांनी चोळावी, घंटा किती वेळा वाजवावी. मला मोठी मजा वाटायची. ज्यांना बघून टांगे थांबायचे ते आबा माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. मी अडखळायला नको म्हणून भरभर वाचायची आणि अर्थ त्याहून भरभर सांगायची. मग एका संध्याकाळी ते कलम आलं. "आगवाळा मकानने अडीने आवेलुं मकान तोडी पाडवानी सत्ता दरोगाने रहेशे." मी एका दमात मराठी करून टाकलं: "आग लागलेल्या घराच्या आडवं आलेलं घर पाडायची सत्ता दरोगाला राहील."

आबांनी डोळे उघडले. "परत वाच," म्हणाले. मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग उठून गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. त्यांना काय झालं होतं ते मला आज कळतं. पाणीगेटच्या आतल्या पोळी म्हणजे एकच तोंड असलेल्या बोळी, दोन्हीकडे लाकडी घरं, आणि ज्याची सत्ता जास्त त्याचा ओटा जास्त पुढे. दरसाल कोणीतरी हातभर पुढे सरायचा. बंब आत शिरणार कसा, हे आबा दहा वर्षं सांगत होते. कारकुनाकडून अर्ज लिहवून घेत होते, मुजरे करत होते, आणि वरून "विचार करू" येत होतं. आता छापील पुस्तकात लिहून आलं होतं. आत येऊन ते आईला म्हणाले, "बघ, सरकारला कळलं. कोणीतरी ऐकलं माझं." त्या दिवशी आईने शिरा केला. ते कलम आबांनी गुजरातीत पाठ केलं, आकारउकारासकट, आणि खाली आठही माणसांना पाठ करून दाखवलं.

जशीची पोळ बंबखान्यापासून हाकेच्या अंतरावर होती. पोळीच्या तोंडाशी रावसाहेबांचं घर. रावसाहेब राज्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आमच्यासारखेच मराठी, पण आमच्यासारखे म्हणजे फक्त भाषेने. त्यांनी ओटा इतका पुढे काढला होता की समोरून भरलेली हातगाडी आली तर माणसाने भिंतीला चिकटून उभं राहावं. आणि ओट्यावर नक्षीचे खांब, खांबांवर झुलता सज्जा. त्यापुढे आत चौथं घर पिंजाऱ्याचं, कापसाने भरलेलं. त्याच्यासमोर पोळीची एकुलती विहीर. आणि अगदी बंद टोकाला जशीचं घर, जिथे तिचे दादा, म्हणजे आजोबा, दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते.

उन्हाळ्यातली भर दुपार होती. घंटा झाली तेव्हा आई लोणच्याच्या कैऱ्या चिरत होती. मी आबांच्या मागे धावले, कारण माणूस ओरडत आला होता तो जशीच्या पोळीचं नाव घेऊन. पोचले तेव्हा पिंजाऱ्याच्या माळ्यातून धूर नाही, सरळ ज्वाळाच निघत होती आणि पेटलेले कापसाचे गोळे वाऱ्याबरोबर आतल्या बाजूला, जशीच्या घराच्या दिशेला उडत होते. लोक बाहेर पळत होते. बंब पोळीच्या तोंडाशी आला आणि थांबला. घोड्यांना ओढून पाहिलं, घोडे सोडून माणसांनी ढकलून पाहिलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ओटा, मध्ये चाक अडकलं. आतल्या विहिरीपर्यंत बंब नेल्याशिवाय पाणी ओढता येत नव्हतं आणि बाहेरच्या विहिरीपासून नळी पुरत नव्हती. उस्मानमिया म्हणून आबांचा हुशार माणूस होता, नळीचं तोंड धरणारा. तो म्हणाला, "दरोगासाब, अंदर नहीं जाएगा. ये ओटला है तब तक नहीं जाएगा."

रावसाहेब सज्ज्यात उभे होते. दुपारची झोप मोडलेली, अंगावर उपरणं. आबांनी खालून सांगितलं, "रावसाहेब, खाली उतरा. ओटा आणि सज्जा पाडावा लागेल."

"हात लावून बघा," रावसाहेब म्हणाले. "आग चार घरं पलीकडे आहे. आधी फौजदारांची चिठ्ठी आणा."

"चिठ्ठी लागत नाही. आडवं आलेलं घर आहे. कलम आहे मला."

असं म्हणून त्यांनी ते कलम त्याच गुजरातीत, खणखणीत आवाजात, सगळ्या पोळीसमोर म्हटलं आणि पहिला घाव स्वतः घातला. रावसाहेब कसे खाली आले मी पाहिलं नाही. मी आतल्या टोकाकडे बघत होते, कारण जशी अजून बाहेर आली नव्हती. खांब पडले, सज्जा एका अंगाला बसला, ओट्याचे दगड पहारींनी आणि कुदळींनी उचकटले, आणि ताकात मीठ विरघळायला लागेल एवढ्या वेळात बंब आत गेला. आठ माणसांनी दांडे धरले. पाण्याचा पहिला झोत माळ्यावर पडला तेव्हा जो आवाज झाला तो मी अजून ऐकते, तापल्या तव्यावर हात झटकावा तसा. उस्मानमियाने जशीच्या दादांना खाटेसकट बाहेर आणलं, आणि खाटेच्या पायाला धरून जशी. पिंजाऱ्याचं आणि त्याच्या दोन्ही बाजूची, अशी तीन घरं गेली. बाकीची पोळ राहिली. आबांनी टोप काढला, फौजदाराला मुजरा केला. पोळीतल्या बायकांनी त्यांच्या पायावर पाणी घातलं. घरी आले, ताकभात जेवले, आणि पान संपल्यावर स्वतःहून म्हणाले, "आज कलम कामाला आलं ने." माझ्याकडे बघून म्हणाले.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा दिवस होता. तो खोटा होता हे कळायला दोन आठवडे लागले.

रावसाहेबांनी तक्रार केली. दरोगाने सत्तेबाहेर जाऊन, जुन्या आकसाने, जिथे आग नव्हती ते घर पाडलं. चौकशी बसली. एवढं मी समजू शकते. ज्याचा सज्जा पडला तो ओरडणार. पण त्या तक्रारीखाली पोळीतल्या माणसांच्या सह्या होत्या. आग आपोआप विझत आली होती, बंब आत यायची गरज नव्हती, असं त्या माणसांनी लिहून दिलं होतं. आतल्या टोकाच्या माणसांनी. जशीच्या वडिलांनी सुद्धा. मी शाळेतून तशीच जशीकडे गेले आणि तिच्या अंगणात उभी राहून भांडले. ती रडायला लागली. "बापुने करवी पडी, गोदू," ती म्हणाली. "रावसाहेबना हाथमां बापुनी नोकरी छे." मी म्हटलं, तुझे दादा जळाले असते. कलमात स्पष्ट लिहिलंय, आडवं आलेलं घर पाडायचं, आणि मी तिला ते वाक्य म्हणून दाखवलं.

जशीने डोळे पुसले आणि माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "अडीने एटले आडुं नहीं," ती म्हणाली. "अडीने एटले आम." आणि ती पुढे येऊन माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

मला लगेच कळलं. रोज शिवाशिवी खेळताना ती "अडी गई, अडी गई" ओरडायची, म्हणजे शिवलं, हात लागला. दिवसातून पन्नास वेळा मी तो शब्द ऐकत होते, बोलत होते. गुजरातीत अडणं म्हणजे स्पर्श होणं, आणि आपल्याकडे अडणं म्हणजे थांबणं, वाट बंद होणं. अडीने आवेलुं म्हणजे लागून असलेलं, भिंतीला भिंत. आगीच्या घराला चिकटलेलं घर पाडायची सत्ता होती आबांना, बाकी कुठलं नाही. अंगणात खेळताना मला जो शब्द येत होता तो छापील पुस्तकात दिसल्यावर आला नाही, कारण तिथे मी विद्वान झाले होते. जशीचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता आणि मला वाटलं, हिला ढकलून द्यावं. मी ढकललं. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. ती मेल्याचं मला वर्तमानपत्रात वाचून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नळीला चरबी चोळत होते तिथे जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. "लागून," ते म्हणाले. "असं आहे होय." त्यांनी चरबीचा पुढचा गोळा घेतला. मग म्हणाले, "कोणापाशी बोलायचं नाही." मी म्हटलं, चूक माझी आहे, मी सांगते साहेबांना, तुम्ही सुटाल. ते म्हणाले, "बंब शिरत नव्हता म्हणून पाडलं, एवढं मी सांगेन. ते खरं आहे. तू मध्ये पडू नकोस." मला तेव्हा त्यांचा राग आला. वाटलं, वाचता येत नाही हे लपवायला हे नोकरी घालवणार. अभिमान आहे नुसता. अकरा वर्षांच्या पोरीला बापाचा अभिमान म्हणजे दुसऱ्याच कोणाची तरी वस्तू वाटते, ती फोडली तर चालेल अशी.

चौकशी बंबखान्याच्या चौकातच झाली. टेबल, दोन खुर्च्या. एकीवर चौकशीचे साहेब, नावाजलेले, सुसंस्कृत, पुण्याकडचं स्वच्छ मराठी बोलणारे, दुसरीवर रावसाहेब. आबा उभे, टोप काखेत. पोळीतली माणसं भिंतीशी, जमिनीकडे बघणारी. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर. साहेबांनी विचारलं, नियम वाचले होते का. आबा म्हणाले, हो. साहेबांनी पुस्तक पुढे केलं. "ते कलम वाचून दाखवा."

आबांनी पुस्तक घेतलं, मध्यावर उघडलं, समोर धरलं आणि कलम म्हटलं. एकही चूक नाही. साहेब ऐकून घेऊन म्हणाले, "दरोगा, हे पान घोड्यांच्या दाण्याचं आहे."

रावसाहेब हसले. मग साहेब हसले, थोडंसं, सभ्यपणे. मग भिंतीशी उभी असलेली माणसं हसली. ज्यांची घरं उभी होती ती माणसं. आबा पुस्तक तसंच धरून उभे होते, ते मिटावं की नाही हे त्यांना समजत नसावं.

मी खाली उतरले. आज मला वाटतं, कोणीतरी माझे पाय धरायला हवे होते, पण आई वर कपाळाला हात लावून बसली होती. मी साहेबांसमोर जाऊन म्हटलं, "मी वाचून दाखवलं त्यांना. चूक माझी आहे. त्यांना वाचता येत नाही."

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी मला जवळ बोलावलं, पुस्तक हातात दिलं. मी कलम काढून वाचलं. "अडीने म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी आडवं सांगितलं होतं. ते चुकलं. अडीने म्हणजे लागून." "शाबास," साहेब म्हणाले. "कुठल्या शाळेत आहेस?" आणि हे विचारता विचारता त्यांनी लिहून घेतलं, तांबड्या पेन्सिलीने, मोठ्याने म्हणत: दरोगास लिहिता वाचता येत नाही. नियमांचा अर्थ लहान मुलीकडून घेतो. मग ती पेन्सिल त्यांनी मला बक्षीस दिली.

आबांना तोवर फार तर ताकीद मिळाली असती. हे मला पुढे उस्मानमियाने सांगितलं, आणि मला बरं वाटावं म्हणून नव्हे. सत्तेबाहेर गेलेल्या दरोगाला सरकार माफ करू शकत होतं, तीन घरांवर आग थांबवलेली दिसत होती. न वाचता सही करणाऱ्या दरोगाला कसं माफ करणार. तो पुरावा मी माझ्या पायांनी जिना उतरून नेऊन दिला, आणि वर शाबासकी घेतली. ओट्याने वाट अडवली होती की नाही, हा प्रश्न त्या दिवशी कोणी कोणाला विचारलाच नाही. चर्चा झाली ती एका शब्दाची. पोळीत जाऊन चाकाची रुंदी मोजायला कोणाचा पाय वळला नाही. साठ वर्षं मी या गोष्टीवर दात खाते आहे. शब्द माझा चुकला. पण त्या शब्दाने जे घर पाडलं ते पाडायलाच हवं होतं, आणि बरोबर शब्दाने पोळ जळाली असती, हे त्या शिकलेल्या माणसाला दिसत नव्हतं असं मी मानत नाही. दिसत होतं. समोर खुर्चीत रावसाहेब बसले होते, म्हणून ते शब्दकोश उघडून बसले.

आबांनी टोप टेबलावर ठेवला. मुजरा केला, आगीनंतर करायचे तसाच. वर आले. आईने ताकभात वाढला. आम्ही कोणी काही विचारलं नाही. पान संपल्यावर ते मला म्हणाले, "छान वाचलंस. अडखळली नाहीस." त्यांनी मारलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. ती पेन्सिल मी वरच्या बंबात घातली. आईने चिमट्याने बाहेर काढली, अर्धी जळलेली, आणि म्हणाली, "याने पाणी तापत नाही."

त्यांना मकरपुऱ्याला बागेच्या पंपावर पाठवलं. गुलाबांना पाणी. आम्ही तरसालीच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या, तिथे घंटा नव्हती, आणि आबा पहिलं वर्षभर जेवताना मध्येच हात थांबवून कान द्यायचे. रावसाहेबांचा सज्जा सरकारी सुतारांनी पुन्हा उभा केला, नक्षी पहिल्याहून चांगली. ओटा घालताना तो वीतभर पुढे आला. चौकशीचे साहेब जाताना माझ्या शिक्षणाची शिफारस करून गेले होते. मी शिकले, शिक्षिका झाले, आणि गंमत बघा, तीस वर्षं मुलींना गुजराती शिकवलं. पहिला विद्यार्थी मात्र बागेत मिळाला. एक दिवस आबाच म्हणाले, "मला ती बोडकी अक्षरं दाखव बघू." पाटी मांडीवर, पाण्याचा पाट गुलाबांकडे सोडलेला, आणि पन्नाशीचा माणूस क-ख गिरवतोय. वर्ष लागलं. मग त्यांनी ट्रंकेतून ते तांबडं पुस्तक काढलं. ते त्यांनी परत केलंच नव्हतं. बरोबर पान उघडलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, आणि मग अर्थ सांगितला: "आडवं आलेलं घर."

"आबा, लागून," मी म्हटलं.

"ते लिहिणाऱ्याचं झालं," ते म्हणाले. "त्याने पोळ बघितली नव्हती." आणि पुस्तक मिटलं. मी त्यांना पुष्कळ वेळा म्हटलं, माझ्यावर एकदा तरी रागवा. ते रागावले नाहीत. त्यांच्या वाटचा रागही मलाच करावा लागतो, आणि तो पुरत नाही.

मागच्या महिन्यात मी त्या पोळीत गेले होते. कोणाकडे जायचं नव्हतं. गोत्रीहून रिक्षा केली. रिक्षावाल्याने पोळीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली आणि मान वळवून म्हणाला, "माजी, अहींथी चालीने जजो. आगळ ओटलो नडे छे." मी उतरले. ओटा आहे. खांब आहेत, त्यांना आता हिरवा ऑइलपेंट दिलाय, आणि एका खांबाला कोणीतरी स्कूटर टेकवून ठेवली होती. मी जवळ गेले, चष्मा पुसला, आणि त्या खांबावर तळहात ठेवून उभी राहिले. मी अडले. गुजरातीत वाचा नाहीतर मराठीत, माझं आता काही म्हणणं नाही.